प्रभूचें मेज आणि मिस्साबलिदान

(प्रचारक व मंडळींसाठीं अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक २२:७–२०, १ करिंथ १०:१६–१७, १ करिंथ ११:१७–३४, इब्री १०:१०–१८.



पावसाळ्यापूर्वी पोलादपुराकडील एका वाडीवर प्रभुभोजनाच्या उपासनेसाठीं जाणें झालें. उपासना संपल्यावर एक वृद्ध बंधु जवळ येऊन बसले. त्यांची नात मुंबईस नोकरीला असते आणि तिचें लग्न एका रोमन कॅथॉलिक घरांतील मुलाशीं ठरत होतें. ते म्हणाले, "पाळकसाहेब, पोरीनें त्यांच्या मिस्साला जावें काय? आणि तिथें भाकर देतात ती घ्यावी काय? तोच प्रभु, तीच भाकर, मग अडचण कसली?" शेजारीं आमचे प्रचारक बसले होते. ते लागलेच म्हणाले, "ते भाकरीची पूजा करतात, आपण ती कशी घ्यावी?"

या दोन्ही बोलण्यांत थोडें खरें आहे व थोडें अपुरें आहे. अपुऱ्या माहितीवर दिलेलें उत्तर शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होण्याचा संभव असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊं.

१. दोन मंडळ्या, एकच किनारा

आपल्या रायगड जिल्ह्यांत रोमन कॅथॉलिक मंडळी नवी नाहीं. चौल-रेवदंडा भागांत सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या काळापासूनची ख्रिस्ती वस्ती कोर्लई गांवीं आजही आहे आणि तेथील लोक पोर्तुगीज मूळची एक निराळी बोली बोलतात. प्रॉटेस्टंट मिशनचें काम पुष्कळ मागाहून आलें. पोलादपूर-महाडवरून वाहत जाणारी आपली सावित्री जेथें समुद्रास मिळते त्या बाणकोटास १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें काम सुरू झालें. दोन्ही मंडळ्या पवित्र शास्त्र वाचतात, त्र्यैक देवाच्या नांवानें बाप्तिस्मा देतात, आणि ज्या रात्रीं प्रभूला धरून दिलें त्या रात्रीं त्यानें हा विधि लावून दिला असें मानतात. या भोजनांत ख्रिस्त आपणांस भेटतो हेंही दोघांस मान्य आहे. तो कसा भेटतो, येथून मतभेद सुरू होतो.

२. भाकर आणि शरीर

भाकर हातीं घेऊन हें आपलें शरीर आहे असें प्रभूनें म्हटलें. रोमन कॅथॉलिक मंडळी हे शब्द अक्षरशः घेते. धर्मगुरूनें अभिषेकाचे शब्द उच्चारिले कीं भाकरीचें व द्राक्षारसाचें मूलतत्त्व पालटून तें ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतें. रंग, चव व आकार मात्र पूर्वीचेच राहतात, अशी ती शिकवण आहे. १२१५ सालच्या लॅटरन येथील चौथ्या परिषदेनें व १५५१ सालीं ट्रेंट येथील परिषदेनें ती ठरवून सांगितली. म्हणूनच तेथें लोक गुडघे टेकतात, उरलेली भाकर वेदीजवळील पेटींत ठेवून तिजपाशीं दिवा जळत ठेवतात, आणि ती आजाऱ्यांकडे नेतात. आपण भाकरीस नमन करतों असें ते समजत नाहींत. आपण ख्रिस्तास नमन करतों असें ते समजतात. त्यांची समजूत आपणांस मान्य नसली तरी त्यांस मूर्तिपूजक म्हणून हिणविणें न्यायाचें नाहीं.

प्रॉटेस्टंट पुढारीही या बाबतींत एकमताचे नव्हते. भाकर भाकरच राहते, तरी तिजबरोबर ख्रिस्ताचें शरीर खरोखर दिलें जातें, असें ल्यूथर म्हणे. हें मुख्यत्वें स्मरण व साक्ष आहे, असें झ्विंग्ली म्हणे. १५२९ सालीं मारबुर्ग येथें दोघे भेटले. पंधरा कलमांपैकीं चौदांवर त्यांचें एकमत झालें. परंतु पंधराव्यांत, म्हणजे याच विषयावर, ते पूर्ण एक होऊं शकले नाहींत. पुढें कॅल्विननें शिकविलें कीं, ख्रिस्ताचें शरीर स्वर्गांत आहे, तरी विश्वासानें घेणाऱ्यास पवित्र आत्मा ख्रिस्ताशीं खरोखर जोडतो व त्याच्या जीवनानें पोसतो. महाराष्ट्रांत स्कॉटिश व अमेरिकन मिशनांच्या कामांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत हीच शिकवण विशेष रुजली. त्यांपैकीं पुष्कळ मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या मंडळींत, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत, आज आहेत.

खेड्यांतील बहिणींस हें समजावितांना मी शिदोरीचा दाखला देतों. मुलगा मुंबईस निघाला म्हणजे आई भाकरी बांधून देते. त्या फडक्यांत आई बसलेली नसते. पण ती भाकरी आईची नुसती आठवणही नसते. तिनें पोट भरतें, आणि आईची माया मुलापर्यंत पोंचते. दाखला येथवरच चालतो. कारण आई गांवीं राहते, पण प्रभु आपल्या आत्म्याच्या द्वारें मेजापाशीं स्वतः हजर असतो. म्हणून "आमच्यांत नुसती आठवण असते" असें कोणीं म्हणूं नये.

३. यज्ञ कीं भोजन?

माझ्या मतें मुख्य भेद येथें आहे. ट्रेंटच्या परिषदेनें १५६२ सालीं असें ठरविलें कीं, मिस्साबलिदान हा खरा यज्ञ आहे व तो जिवंतांसाठीं आणि मृतांसाठींही अर्पण करितां येतो. मात्र कॅथॉलिक लोक ख्रिस्ताला पुनः पुनः वधस्तंभावर देतात, ही आपल्यांत पसरलेली समजूत चुकीची आहे. तोच एक यज्ञ रक्तपाताविना वेदीवर पुढें मांडला जातो, असें ते सांगतात.

आपण इब्रीकरांस पत्राच्या आधारें म्हणतों कीं, तें अर्पण एकदांच झालें व तें पूर्ण झालें. याजकाकडून देवाकडे आतां पापाबद्दल कांहीं न्यावयाचें उरलें नाहीं. मेजावर जें आहे तें देवाकडून आपणांकडे येतें. आपण परत देतों तें स्तुतीचें अर्पण (इब्री १३:१५) व आपलें स्वतःचें जीवन (रोम १२:१).

ही गोष्ट आपल्या लोकांस नीट कळली पाहिजे. आपल्या वाडवडिलांनीं नवस केले, देवीपुढें कोंबडें कापिलें. फळ न आलें तर पुढल्या वर्षीं दुसरें कापिलें. "देवाचें देणें अजून फिटलें नाहीं" ही भीति बाप्तिस्म्यानंतरही मनांत दबा धरून राहते. एकदां एक माउली प्रभुभोजनाचा तुकडा पदरास बांधून नेतांना मला दिसली. तिचें लेंकरूं तापानें आजारी होतें. मीं तिला रागें भरलों नाहीं. तिच्या घरीं जाऊन लेंकरासाठीं प्रार्थना केली, त्याला दवाखान्यांत नेण्यास सांगितलें, आणि मग समजाविलें कीं, ही भाकर ताईत नव्हे. जो प्रभु ती देतो त्याला तुझें लेंकरूं ठाऊक आहे. अशा भोळ्या समजुती आपल्याही घरांत आहेत हें ओळखून मग शेजाऱ्याविषयीं बोलावें.

४. प्याला

१४१५ सालीं कॉन्स्टन्स येथील परिषदेनें सामान्य लोकांस केवळ भाकर द्यावी असें ठरविलें. ख्रिस्त भाकरींतही पूर्णपणें आहे, म्हणून प्याला न मिळाल्यानें कांहीं उणें पडत नाहीं, हें त्यामागील कारण सांगत. त्याच वर्षीं ६ जुलै रोजीं यान हुस यांस तेथेंच जाळण्यांत आलें. बोहेमियांतील त्यांच्या अनुयायांनीं पुढें प्याला हेंच आपलें चिन्ह केलें. सर्वांनीं प्यावें असें प्रभूनें सांगितलें (मत्तय २६:२७), म्हणून प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं प्याला सर्वांस परत दिला.

परंतु जुन्या पुस्तकांवर विसंबून आज बोलूं नये. १९६२ ते १९६५ या काळांतील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकांस प्याला देण्याची वाट कांहीं प्रसंगीं मोकळी केली आणि लोकभाषेंत उपासना करण्यास परवानगी दिली. आतां मिस्साबलिदान मराठींतही होतें.

५. वृद्ध बंधूंस दिलेलें उत्तर

मीं त्यांस सांगितलें, "बाबा, नातीनें मिस्साला अवश्य जावें. शास्त्रवाचन ऐकावें, प्रभूची प्रार्थना सर्वांबरोबर म्हणावी. परंतु भाकर घेण्यास पुढें जाऊं नये." याचें कारण द्वेष नव्हे. १९८३ सालच्या रोमन कॅथॉलिक धर्मनियमांप्रमाणें, इतर मंडळ्यांतील आपल्यासारख्यांस ती भाकर मरणाच्या संकटीं अगर तशाच गंभीर गरजेच्या वेळीं, तीही ठराविक अटींवर, देतां येते. शिवाय भाकर घेतांना तेथें "आमेन" म्हणावें लागतें. जें आपण मानीत नाहीं त्यास "आमेन" म्हणणें सचोटीचें नाहीं. दुसऱ्याच्या घरचा नियम पाळणें हाही आदरच आहे. तसेंच जांवईबापू आपल्या उपासनेस आले तर त्यांस मेजापाशीं येण्याचा आग्रह करूं नये. त्यांच्या मंडळीचा नियम त्यांस तशी मोकळीक देत नाहीं. दोघांनीं घरीं एकत्र बसून शास्त्र वाचावें व प्रार्थना करावी. त्यास कोणाचीही मनाई नाहीं.

वृद्ध बंधु बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे एका घरांत राहून दोन मेजांवर जेवायचें." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, आणि माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हतें. ही फूट आपल्या सर्वांचें दुःख आहे. तिचा अभिमान धरूं नये.

६. आपली स्वतःची परीक्षा

आतां शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याच मंडळीविषयीं. करिंथ येथील मंडळीला पौल रागें भरला तो भाकरीच्या तत्त्वज्ञानावरून नव्हे. कोणी पोटभर जेवत व कोणी उपाशी राहत. गरिबांस लाज वाटेल असें वर्तन प्रभूच्या भोजनांत चाले, म्हणून तो रागावला.

महाडकरांस हें समजाविण्यास दूर जावयास नको. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतलें. जनावरांस जें पाणी मोकळें होतें तें माणसांस नाकारलें जात होतें. आणि तो हक्क मुंबईच्या हायकोर्टांत कायम होण्यास १९३७ साल उजाडलें. ज्या गांवांत एका ओंजळीसाठीं माणसांस मार खावा लागला, त्या गांवांत एकाच प्याल्यांतून सर्वांनीं पिणें ही केवढी साक्ष आहे!

पण मंडळीही या पापापासून मुक्त राहिली नाहीं. दक्षिणेंत तामीळ मंडळ्यांतून जातीप्रमाणें बसणें व मेजापाशीं पुढेंमागें येणें चालत असे. १८३३ सालीं बिशप डॅनिएल विल्सन यांनीं जातिभेद सोडलाच पाहिजे असें पत्र काढिलें, तेव्हां अनेक कुटुंबें मंडळी सोडून गेलीं. आज पुष्कळ ठिकाणीं लहान लहान प्याले वापरतात. आरोग्यासाठीं वापरले तर त्यांत दोष नाहीं. पण अमक्याच्या ओठांस लागलेला प्याला नको म्हणून कोणी ते मागत असेल, तर तो प्रभूचें शरीर ओळखीत नाहीं. भाकरीचें तत्त्व पालटतें कीं नाहीं यावर आपण वाद करूं. परंतु ती खाऊन आपलें मन पालटलें नाहीं, तर आपली शिकवण शुद्ध असून उपयोग काय?

प्रचारकांनीं मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. प्रभुभोजनाविषयीं कोणत्या गोष्टी दोन्ही मंडळ्यांस मान्य आहेत?
२. इब्री १०:१०–१८ वरून ख्रिस्ताच्या यज्ञाविषयीं काय शिकतों?
३. कॅथॉलिक शेजाऱ्यांविषयीं आपल्यांत कोणत्या चुकीच्या समजुती आहेत?
४. पुढील प्रभुभोजनापूर्वीं मीं कोणाशीं समेट केला पाहिजे?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर सभेंत मागूं नये. तें ज्यानें त्यानें त्या माणसाच्या दारीं जाऊन द्यावें.