एक नाव, अनेक ठिकाणे

दिल्ली-हैदराबाद गाड्या पांढुर्ण्यावरून जातात. त्यामुळे हैदराबाद हे नाव आपल्या मुलांना परके नाही. परंतु ‘हैदराबाद कोणत्या देशात आहे?’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत.

पहिले हैदराबाद दक्षिणेतले. मुहम्मद कुली कुतुबशहाने ते १५९१ साली मुसी नदीकाठी वसविले. दुसरे सिंधमधले. गुलामशाह कल्होडा याने १७६८ साली सिंधू नदीजवळ त्याचा पाया घातला. नावाचा अर्थ एकच. हैदर हे हजरत अलींचे बिरुद. आबाद म्हणजे वसलेले. दोन्हीकडे शहराचे नाव तेच जिल्ह्याचेही आहे. आज एक भारतात आहे, तर दुसरे पाकिस्तानात.

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे ‘हैदराबाद सिंध’ आणि ‘हैदराबाद दक्षिण’ असा भेद करावा लागे. त्याची खूण दक्षिणेकडील शहराच्या ‘हैदराबाद डेक्कन’ या स्टेशनाच्या नावात राहिली आहे. शिवाय १९५६ पूर्वीच्या मराठवाड्यातील कागदांवर ‘हैदराबाद’ दिसले, तर तो शहराचा नव्हे, राज्याचाही उल्लेख असू शकतो.

इतके दूर कशाला जावे? पांढुर्ण्यासमोर, जाम नदीपलीकडे सावरगाव आहे. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातही सावरगाव आहे. नुसते ‘सावरगाव’ लिहिले तर पत्राने कोणत्या राज्यात जावे?

आता याच्या उलट प्रकार पाहा. गाव तेच, पण पत्ता बदलतो. पांढुर्णा आणि सौंसर पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. पुढे मध्यप्रदेश हे नाव आले, तरी राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला आणि आपली राजधानी भोपाळ झाली. २०२३ साली या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. म्हणून आजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा छिंदवाडा’ आणि नातवाच्या दाखल्यावर ‘जिल्हा पांढुर्णा’. घर मात्र जागचे हललेले नाही! परगावच्या कचेरीत ही दोन निराळी ठिकाणे वाटली, तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडून राहावयाचा.

यासाठी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पत्ता लिहिताना गाव, तहसील, जिल्हा व राज्य ही चारही नावे द्यावीत. परदेशी पत्र असल्यास देशही लिहावा. जुन्या दाखल्यातील जिल्ह्याचे नाव आपल्या हाताने खोडू नये. अर्जात मात्र ‘पूर्वीचा जिल्हा छिंदवाडा, २०२३ पासून पांढुर्णा’ असा खुलासा करावा.

नाव ही ठिकाणाची हाक आहे. हाक योग्य घरी पोचावयाची तर घराचा ठाव नीट सांगितला पाहिजे.

अभ्यास : घरातील सर्वांत जुना दाखला वडीलधाऱ्यांना विचारून पाहावा. त्यावरील जिल्हा, प्रांत व वर्ष वहीत उतरवून शेजारी आजचा पत्ता लिहावा.