माहिती अधिकारातील अपील : निर्णय कोणी द्यावा?

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली वसाहत. तेथील एखाद्या रहिवाशाने गटारकामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत महापालिकेकडे मागितली आणि ती नाकारली गेली, तर त्याने दाद कोठे मागावी?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १९ मध्ये अपिलाचे दोन टप्पे आहेत. पहिले अपील ३० दिवसांच्या आत त्याच प्राधिकरणातील, जन माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ असलेल्या अधिकाऱ्याकडे करावयाचे असते. ते ३० दिवसांत, किंवा कारणे नमूद करून कमाल ४५ दिवसांत, निकाली काढावे लागते. दुसरे अपील ९० दिवसांच्या आत कर्नाटक माहिती आयोगाकडे करता येते. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते. प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार मात्र केवळ आयोगाला आहे.

याचा अर्थ, स्थानिक पातळीवर स्वतंत्र अपील मंडळ नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याला दप्तराची माहिती असते, त्यामुळे निर्णय लवकर होऊ शकतो. परंतु ज्या कामाच्या देयकास त्यानेच मंजुरी दिली, त्याच कामाच्या कागदपत्रांवर तो तटस्थपणे निर्णय देईल काय, हा खरा प्रश्न आहे.

आयोगासाठी कलम १५ मध्ये विधी, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आणि प्रशासन या क्षेत्रांतील अनुभवी व्यक्ती अपेक्षित आहेत. मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते व एक मंत्री यांची समिती नावांची शिफारस करते. नमित शर्मा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये न्यायिक सदस्य अनिवार्य ठरविले. २०१३ मध्ये पुनर्विलोकनात ती अट मागे घेतली. २०१९ मध्ये अंजली भारद्वाज प्रकरणी, निवड केवळ माजी प्रशासकीय अधिकाऱ्यांपुरती राहू नये आणि निवडीचे निकष जाहीर व्हावेत, असे न्यायालयाने सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे गेला व नियमांनुसार तो ३ वर्षांचा झाला.

पहिल्या टप्प्यावर त्याच प्राधिकरणातील, पण संबंधित कामाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या विभागातील वरिष्ठ अधिकारी नेमल्यास अधिनियमाच्या चौकटीतच तटस्थता वाढू शकेल. अपील ऐकणाऱ्याला दप्तराचे ज्ञान हवे. परंतु त्या दप्तरात त्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नसावा.