ऑक्सफर्डचा नावनोंदणी-सोहळा

इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या काठी ऑक्सफर्ड हे नगर वसले आहे. तेथील विद्यापीठ इंग्रजी भाषिक जगातील सर्वांत जुने विद्यापीठ होय. ते अमुक दिवशी स्थापन झाले, असे सांगता येत नाही, परंतु इ. स. १०९६ च्या सुमारास तेथे अध्यापन चालू होते, असे मानले जाते. हे विद्यापीठ म्हणजे एकच एक इमारत नव्हे. त्याची तीसांहून अधिक महाविद्यालये नगरभर विखुरलेली आहेत. प्रत्येकाचे ग्रंथालय निराळे, भोजनशाला निराळी आणि अभिमानही निराळा!

आपल्याकडे शाळा उघडतात त्या जूनमध्ये, पावसाच्या सरींबरोबर. ऑक्सफर्डचे नवे वर्ष मात्र ऑक्टोबरात, झाडांची पाने पिवळी पडू लागली म्हणजे सुरू होते. अध्यापनापूर्वीचा आठवडा नवागतांच्या स्वागतासाठी राखलेला असतो. सत्राचे आठवडे पहिला, दुसरा असे मोजतात; म्हणून या आठवड्यास ‘शून्य आठवडा’ असे गमतीदार नाव पडले आहे. या दिवसांत नगराचे रूप पालटून जाते. घरापासून प्रथमच दूर आलेली मुलेमुली थोडी आनंदात, थोडी बावरलेली अशी हिंडत असतात. अनेक महाविद्यालयांत आदल्या वर्षाचे विद्यार्थी त्यांचे ‘पालक’ होतात आणि वाट दाखविण्यापासून धीर देण्यापर्यंत सर्व काही आपुलकीने करतात. भोजनशाळांत मेजवान्या झडतात. नौकानयन, वादविवाद, नाट्य, संगीत अशा नाना मंडळांची मोठी जत्राच भरते आणि प्रत्येक मंडळ नव्या सभासदांना साद घालते.

परंतु या उत्सवाचा खरा कळस म्हणजे नावनोंदणीचा समारंभ. तो बहुधा सत्राच्या पहिल्या आठवड्यातील शनिवारी होतो. त्या दिवशी सर्वांनी ठरावीक गणवेष करावयाचा असतो. गडद रंगाचे कपडे, पांढरा सदरा, गळ्याशी बो किंवा काळी फीत आणि अंगावर काळा झगा, असा तो वेष. चौकोनी टोपी असते. पण ती डोक्यावर न ठेवता हातात धरावयाची! हा वेष जुनाट आहे, असे काहींना वाटे. म्हणून २०१५ मध्ये, परीक्षेच्या वेळी त्याची सक्ती असावी की नसावी, याविषयी विद्यार्थ्यांचेच मत घेण्यात आले. तीनचतुर्थांशांहून अधिक विद्यार्थ्यांनी तो राखण्याच्या बाजूने कौल दिला.

आपापल्या महाविद्यालयाच्या प्रांगणात छायाचित्र काढून झाले, की विद्यार्थी रांगेने शेल्डोनियन सभागृहाकडे निघतात. ख्रिस्तोफर रेन या थोर वास्तुशिल्पज्ञाने योजिलेली ही वास्तू १६६९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या छतावर, अज्ञानाला पळवून लावणाऱ्या सत्याचे भव्य चित्र आहे. त्या छताखाली कुलगुरू लॅटिन भाषेत एक लहानसे वाक्य उच्चारतात. आजपासून तुम्ही विद्यापीठाच्या नामावलीत दाखल झालात, त्याचे नियम पाळा, एवढाच त्याचा आशय. काही मिनिटांतच समारंभ आटोपतो.

लॅटिन भाषेत नामावलीला ‘मॅट्रिक्युला’ म्हणतात. त्यावरूनच ‘मॅट्रिक’ हा शब्द आपल्या घराघरांत आला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे हे एक होते.

ऑक्सफर्डच्या नामावलीत नाव लागणे मात्र सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. १५८१ पासून, नाव नोंदविताना इंग्लंडच्या राजमान्य धर्मपंथाच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. जो ती करणार नाही, त्याला दार बंद! ही अट १८५४ च्या कायद्याने दूर झाली. स्त्रियांना तर त्याहूनही अधिक काळ वाट पाहावी लागली. त्यांच्यासाठी १८७९ मध्ये छात्रालये निघाली. त्या व्याख्याने ऐकत, परीक्षाही देत. परंतु नामावलीत त्यांचे नाव नसे आणि पदवीही मिळत नसे.

या अन्यायाची झळ महाराष्ट्राच्या एका कन्येलाही लागली. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उज्ज्वल यश मिळविले. पण त्या स्त्री असल्यामुळे विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारण्यात आली. हितचिंतकांच्या साहाय्याने त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याच्या परीक्षेस बसण्यासाठी त्यांना विद्यापीठाची खास परवानगी मिळवावी लागली. १८९२ मध्ये त्यांनी ती परीक्षा दिली, तरी पदवीविनाच त्या परतल्या. हाती पदवी नसतानाही त्यांनी पडद्यातील असहाय स्त्रियांची बाजू धैर्याने मांडली.

अखेर ७ ऑक्टोबर १९२० रोजी विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले आणि सोराबजींना १९२२ मध्ये आपली पदवी मिळाली. तीस वर्षांपूर्वी दिलेल्या परीक्षेचे ते फळ होते!

आज त्या सभागृहात निरनिराळ्या देशांची, धर्मांची मुलेमुली खांद्याला खांदा लावून उभी असतात. काळा झगा सर्वांचा सारखाच. कुलगुरूंचे वाक्यही सर्वांना एकच. त्या वाक्याला वेळ लागतो काही क्षणांचा. पण ते सर्वांच्या कानी पडावे, यासाठी कित्येक पिढ्यांना झटावे लागले. विद्येच्या मंदिराचे दार जेव्हा सर्वांसाठी उघडते, तेव्हाच त्याच्या उत्सवाला खरी शोभा येते.

स्वाध्याय

१. ‘शून्य आठवडा’ हे नाव कसे पडले?
२. ‘मॅट्रिक’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगा.
३. कॉर्नेलिया सोराबजी यांना पदवीसाठी तीस वर्षे का थांबावे लागले?
४. ‘वाट पाहणे’, ‘झळ लागणे’, ‘कौल देणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या शाळेत नव्या विद्यार्थ्यांचे स्वागत कसे करावे, ते आठ-दहा ओळींत लिहा.