घरच्या टाकीत चेरी कोळंबी : माशांसोबत ठेवली तर पिल्लं कशी वाचवायची



जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या की पोरांचं लक्ष घरातल्या काचेच्या टाकीकडे वळतं. गेल्या बंदीत आमच्या एका सभासदाच्या मुलाने साठवलेल्या पैशांतून २० लाल चेरी कोळंब्या आणल्या आणि एंजल माशांच्या टाकीत सोडल्या. १५ दिवसांत एकही उरली नाही. दुकानदाराने फसवलं म्हणून घरात वाद झाला. खरं तर माशांनी खाल्ल्या. कोळंबी हे माशाचं खाणं आहे हे आपल्याला कोणी सांगायला नको, पण टाकी बघितली की आपण विसरतो.

चेरी कोळंबी मूळची तैवान-चीनकडची, जेमतेम २-३ सेंटीमीटरची. आपल्या ओलपाड-चोर्यासीच्या तळ्यांतली व्हेनामी समुद्राच्या पाण्यात अंडी सोडते. भरूचकडची गोड्या पाण्यातली मोठी कोळंबीसुद्धा पिल्लांसाठी खाडीकडे उतरते, कारण तिच्या पिल्लांना निमखारं पाणी लागतं. चेरीला यातलं काही लागत नाही. मादी २०-३० अंडी पोटाखाली घेऊन फिरते, पायांनी त्यांना वारा घालते, आणि तीन-चार आठवड्यांत आईसारखीच दिसणारी इवलीशी पिल्लं बाहेर येतात. म्हणजे अंडी होणं सोपं आहे. पिल्लं वाचवणं हेच खरं काम.

आता हे लक्षात ठेवा :

१. मासे निवडून ठेवा. एंजल, गोल्डफिश, सिक्लिड नकोच. गप्पी मोठ्या कोळंबीला सहसा त्रास देत नाही, पण २ मिलिमीटरचं पिल्लू दिसलं की गिळते.

२. लपायला जागा द्या. जावा मॉसचे दाट झुबके टाका. पिल्लं त्यातच राहतात आणि त्यावरचं शेवाळ खातात. जितकं मॉस दाट, तितकी पिल्लं जास्त जगतात.

३. जास्त पिल्लं हवी असतील तर वेगळी छोटी टाकी करा. गाबोळी दिसली की मादीला हळूच तिकडे न्या, पिल्लं सुटल्यावर परत आणा.

४. फिल्टर स्पंजचा घ्या. साध्या फिल्टरच्या तोंडात पिल्लं ओढली जातात.

५. नवी टाकी महिनाभर चालू ठेवून मगच कोळंबी सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढून टाका. आठवड्याला थोडंच पाणी बदला. एकदम बदललं तर कात टाकताना मरतात.

६. सुरतच्या एप्रिल-मेच्या उन्हात जपा. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की धोका. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, वर छोटा पंखा लावा.

७. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टाकीत घालू नका. डासांचा स्प्रे मारताना किंवा गल्लीत धुराची गाडी आली की टाकी झाका आणि हवेचा पंप बंद करा, धूर गेला की लगेच चालू करा. माशांना न जाणवणारं विष कोळंबीला मारतं.

८. खाणं थोडंच. उकडलेल्या पालकाचं पान किंवा काकडीची चकती टाका, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. टाकलेली कात मात्र राहू द्या, कोळंब्या ती खातात.

शेवटची गोष्ट आपल्या पोटाची आहे. कोळंब्या जास्त झाल्या म्हणून तापीत किंवा नाल्यात सोडू नका. शोभेच्या टाकीतला सकरमाउथ मासा असाच सुटला आणि आज देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत मच्छिमारांच्या जाळ्यात तोच येतो. जास्तीच्या कोळंब्या शेजाऱ्याला द्या, दुकानदाराला द्या.

यातून बोटीचं डिझेल निघेल असं आम्ही सांगत नाही. सुरुवात १० कोळंब्यांनी करा. तो मुलगा यंदा पुन्हा लावतोय, या वेळी एंजलशिवाय. तुमच्या टाकीत पिल्लं दिसली तर फोटो नक्की पाठवा.