बोटाचे हाड मोडले तर...

नेहरू स्टेडियमवर झेल घेताना चेंडू बोटावर बसतो, पावसात दुचाकी घसरते, भोसरी-चाकणच्या कारखान्यात प्रेसखाली हात सापडतो. 'बोटच तर आहे' म्हणून बरेच जण तेल चोळून कामाला लागतात. तीन-चार आठवड्यांत हाड जुळते खरे, पण वाकडे. मग मूठ वळत नाही.

एका हाताच्या बोटांत 14 हाडे असतात. त्यांना अगदी लागूनच बोट सरळ करणाऱ्या व मिटणाऱ्या कंडरा जातात. मोडलेल्या जागी कंडरा चिकटली, तर हाड सांधूनही बोट ताठच राहते. म्हणून हाड जोडणे आणि बोट हलते ठेवणे, या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतात.

बोटे हळूच अर्धवट मिटून पाहावीत. एक बोट दुसऱ्यावर चढत असेल, तर हाड पिळले आहे असे समजावे. हाड जागेवर असेल, तर बोट शेजारच्या बोटाला बांधून बहुधा भागते. हाड पिळले असेल, सरकत असेल, मोड सांध्यात गेली असेल किंवा जखम उघडी असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.

शस्त्रक्रियेचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, त्वचेतूनच बारीक तार घालणे. जर्मन शल्यविशारद किर्शनर यांनी 1909 मध्ये अशा तारेचा वापर सुरू केला. यात चीर लागत नाही. तार साधारण तीन-चार आठवड्यांनी काढतात. दुसरा, चीर देऊन स्क्रू किंवा पट्टी बसवणे. चीर बोटाच्या पाठीवरून किंवा कडेने देतात. कडेने गेल्यास पाठीवरची कंडरा बरीच वाचते. जोड पक्का असल्याने बोट लवकर हलवता येते, मात्र व्रणामुळे कंडरा चिकटण्याचा धोका राहतो. तिसरा, चिरडलेल्या बोटासाठी बाहेरून तारा व दांड्यांचा सांगाडा. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' पद्धत याच प्रकारची.

बोट दुखावताच अंगठी काढावी, हात उंच ठेवावा. ओढणे, चोळणे टाळावे. त्याच दिवशी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आणि डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून व्यायाम सुरू करावा. हाड शस्त्रक्रियेने जुळते, पण मूठ वळते ती व्यायामाने.