फेशियलनंतर चेहऱ्याची आग

प्रश्न : माझी त्वचा नाजूक आहे. पार्लरमध्ये फेशियल केलं की दोन दिवस चेहरा लाल राहतो, आग होते. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे. काय करू?

उत्तर : आग झाली म्हणजे फेशियल ‘लागू पडलं’, असं पार्लरमध्ये कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. त्वचेचं वरचं संरक्षक आवरण दुखावल्याची ती खूण. तुम्हाला ब्लीच, दाणेदार स्क्रब आणि लांबलेली वाफ, तिन्ही नकोत. सौम्य क्लेन्झर, हलक्या हाताचा मसाज, बिनवासाचं मॉइश्चरायझर. चांगलं फेशियल एवढ्यात होतं. नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहा. रेटिनॉल वापरत असाल तर आठवडाभर आधी थांबवा. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी काहीही नवं नको, दहा दिवस आधीच उरका.

घरच्या बेसनात लिंबू पिळता का? ते वगळा. त्वचेचा पीएच ५च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २च्या. आग झालीच तर गार पाण्याची घडी ठेवा, मग सेरामाइड किंवा ग्लिसरीनचं क्रीम. फेशियल न करताही गाल-नाक लाल राहत असेल, पुळ्या येत असतील, तर रोझेशिया असू शकतो. तेव्हा पार्लर नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.