नोंदवहीचा शब्द

पोरी, ब्रिस्बेनला एपनिकच्या कम्युनिकेशन विभागात रुजू होते आहेस, म्हणून थोडं सांगून ठेवते. मी त्या संस्थेत कधी काम केलं नाही. मी समोरच्या बाजूला होते. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीत नेटवर्क सांभाळायचं आणि तुझ्यासारख्यांनी पाठवलेल्या सूचना रात्रपाळीत वाचायच्या, हे माझं काम. तेव्हा हे सगळं वाचणाऱ्याच्या बाजूने आहे असं समज.

आपली संस्था काय करते हे आधी चार वाक्यांत सांगता यायला हवं, तेही तुझ्या आजीला कळेल असं. इंटरनेटवरच्या पत्त्यांची, म्हणजे आयपी ॲड्रेसची, नोंद ठेवणाऱ्या अशा पाच संस्था जगात आहेत. युरोप आणि मध्यपूर्वेसाठी ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक, आफ्रिकेसाठी ॲफ्रिनिक आणि आशिया-पॅसिफिकसाठी तुमची एपनिक. ती १९९३ मध्ये टोकियोत प्रायोगिक प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९९८ मध्ये ब्रिस्बेनला आली. भारतात २०१२ पासून एपनिकच्या चौकटीत निक्सी ही संस्था हे काम पाहते. कुठले आयपी ॲड्रेस कुणाकडे आहेत याची वही या संस्था ठेवतात. समुद्राखालची केबल त्यांची नसते, राउटर त्यांचे नसतात आणि कुणाचं इंटरनेट बंद करायचं बटणही त्यांच्याकडे नसतं. आपल्या सातबाऱ्यासारखं आहे हे. तलाठी जमीन नांगरत नाही, पण त्याच्या नोंदीवर भिस्त ठेवून व्यवहार होतात. फरक इतकाच, की सातबाऱ्यामागे सरकार उभं असतं. इथे हजारो कंपन्या ती नोंद खरी मानतात, एवढ्याच बळावर सगळं चालतं. म्हणून संस्थेच्या नावाने बाहेर जाणारं प्रत्येक वाक्य त्या वहीतली नोंद असल्यासारखंच लिही. तुझं पत्रक एकदा खोटं ठरलं, तर वहीवरही लोक शंका घेतील.

आता सगळ्यात जास्त भेटणारा माणूस सांगते. तो सभासद, म्हणजे तुमच्याकडून ॲड्रेस घेणारी कंपनी, नाही. तो मनिलातला किंवा मालेगावातला कुणी दुकानदार आहे. त्याच्या संगणकावर कुठून तरी हल्ला झाला, त्याने हल्ला करणारा ॲड्रेस व्हूइजमध्ये, म्हणजे त्या वहीच्या खुल्या शोधपानावर, शोधला, आणि उत्तरात वरच एपनिक हे नाव दिसलं. झालं, त्याने ठरवलं की चोर हाच. मग रागाने मेल लिहिला. अशी पत्रं या सगळ्याच संस्थांना येतात. नवी माणसं त्यांना 'आमचा संबंध नाही' एवढं एका ओळीत कळवून मोकळी होतात, आणि त्या माणसाची खात्रीच पटते की हे काहीतरी लपवताहेत. तू तसं करू नकोस. त्याला आधी सांग की हा ॲड्रेस आम्ही वापरत नाही, आमच्या वहीत तो अमुक कंपनीच्या नावावर आहे. मग त्याच नोंदीत खाली तक्रारीसाठीचा संपर्क कुठे दिलेला असतो ते दाखव, आणि तक्रार करताना वेळ, तारीख, टाइमझोन आणि लॉगमधल्या ओळी जोडायला सांग. उत्तर थोडं लांब होईल, पण जनतेशी बोलण्याचं तुमचं निम्मं काम इथेच होतं. तुमच्या परिषदांना जे कधीही येणार नाहीत, अशा लाखो लोकांसाठी संस्थेची ओळख म्हणजे हे एक पत्र.

सभासदाला पाठवायच्या सूचनेचं तंत्र वेगळं. ती वाचणारा पहाटे तीन वाजता चार स्क्रीनसमोर बसलेला असतो. त्याला पहिल्या ओळीत एकच हवं असतं: मला काही करायचं आहे का? करायचं असेल तर काय, आणि कधीपर्यंत? 'आपल्याला अधिक चांगली सेवा देण्याच्या आमच्या प्रयत्नांचा भाग म्हणून' अशी सुरुवात असलेले मेल मी वर्षानुवर्षं न वाचता बाजूला सारले आहेत, आणि माझ्यासारखे खूप आहेत. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिही, शेजारी ब्रिस्बेनची दे. तुमच्या शुक्रवारी संध्याकाळचे पाच म्हणजे भारतात दुपारचे साडेबारा, आणि सामोआत रात्रीचे आठ. 'या उन्हाळ्यात' असं तर कधीच लिहू नकोस, कारण तुमचा उन्हाळा डिसेंबरात आणि आमचा एप्रिल-मे मध्ये. फी भरायची आठवण दिवाळीच्या आठवड्यात, चिनी नववर्षात किंवा ईदला गेली तर ती वाया गेली असं समज. सभासदांच्या मतदानाची मुदतही तशीच तपासून घे. तुमच्या वाचकांपैकी बहुतेकांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन वाक्प्रचार ऑफिसातल्या चहापुरते ठेव. आणि नकाशा छापण्याआधी थांब. काश्मीर, तैवान, दक्षिण चिनी समुद्र हे सगळं तुमच्याच क्षेत्रात येतं. एपनिक 'देश' न म्हणता 'इकॉनॉमी' म्हणते, त्याला कारण आहे. सीमारेषा काढणं हे वही ठेवणाऱ्याचं काम नव्हे.

सुरक्षेच्या सूचनांचा सभासदांना कंटाळा येतो. तरी त्या पाठवत राहा, पण कारणासकट. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमध्ये ऑरेंज या दूरसंचार कंपनीच्या ग्राहकांचं इंटरनेट काही तास कोलमडलं. कुणीतरी कंपनीच्या राइप एनसीसीमधल्या खात्यात शिरलं होतं आणि कुठला मार्ग अधिकृत आहे हे सांगणाऱ्या आरपीकेआयच्या नोंदी त्याने बदलल्या होत्या. पासवर्ड कमकुवत होता आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू केलेली नव्हती. पुढे राइप एनसीसीने ती पडताळणी सगळ्यांना सक्तीची केली. 'सुरक्षा महत्त्वाची आहे' असं दहा वेळा सांगितल्याने जे होत नाही, ते ही एक घटना नीट सांगितल्याने होतं. ती सांगताना त्या कंपनीला हिणवायचं नाही. उद्या दुसऱ्या कुणावर तीच वेळ येईल, आणि तो तुमचाच सभासद असेल.

चूक आपल्या संस्थेची असेल तर? इथे तुझी खरी परीक्षा आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये एपनिकने स्वतःहून जाहीर केलं होतं की, जूनमधल्या एका तांत्रिक बदलात डाउनलोडसाठी खुल्या असलेल्या व्हूइज डेटामध्ये सभासदांचे हॅश केलेले, म्हणजे सांकेतिक रूपातले, पासवर्डही चुकून गेले होते. बाहेरच्या एका सुरक्षा तज्ज्ञाने ते लक्षात आणून दिलं, हेही त्यांनी लपवलं नाही. काय झालं, कधी कळलं, कधी दुरुस्त केलं आणि पासवर्ड बदलायची काय व्यवस्था केली, एवढं त्या निवेदनात होतं. रागावायला जागा होती, पण अंदाज बांधायला जागा नव्हती. वकील तुला सांगतील, 'काही सभासदांवर मर्यादित परिणाम' असं लिही. त्यांचं ऐकून घे, मग त्यांच्याशी बसून ते वाक्य स्पष्ट कर. 'काही' म्हणजे किती, हे माहीत असेल तर आकडा दे. माहीत नसेल तर 'अजून मोजतो आहोत, अमुक वेळी पुढचं सांगू' असं लिही आणि ती वेळ पाळ, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी पाळ.

संकटात कसं लिहावं याचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना राइप एनसीसीचा आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने सरकारच्या आदेशावरून देशात यूट्यूब अडवायला यूट्यूबकडे जाण्याचा एक खोटा मार्ग घोषित केला. तो त्यांना जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीतून बाहेर निसटला आणि जगभरातली यूट्यूबची वाहतूक तिकडे वळली. जवळपास सव्वादोन तास हे चाललं. भारत-पाकिस्तान म्हटलं की आपल्याकडे काय लिहिलं जातं ते तुला ठाऊकच आहे. राइप एनसीसीने मात्र आपल्या मापनयंत्रणेतून मिनिटांचा हिशेब मांडला. यूटीसी १८:४७ ला ही घोषणा दिसली, २०:०७ ला यूट्यूबने स्वतःची तशीच घोषणा केली, २०:१८ ला त्याहून नेमकी केली, २१:०१ ला वरच्या कंपनीने चुकीचा मार्ग काढून घेतला. विशेषण नाही, आरोप नाही. तो अहवाल अभियंते अजूनही शिकवायला वापरतात. तुमच्याकडे मोजमाप असेल तर तेच बोलू दे.

सगळ्यात अवघड पत्र मात्र तांत्रिक नसतं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युद्ध सुरू झाल्यावर युक्रेन सरकारने इंटरनेटचा कारभार पाहणाऱ्या संस्थांना विनंती केली की रशियाचे डोमेन आणि आयपी ॲड्रेस काढून घ्या. डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनने नाही म्हटलं, राइप एनसीसीनेही नाही म्हटलं. ज्याच्यावर बॉम्ब पडताहेत त्याला 'नाही' कसं लिहायचं? मला त्या उत्तरांत दोन गोष्टी आवडल्या. उत्तर उघड होतं, आणि राइप एनसीसीने मुख्य कारण एकच पुढे ठेवलं होतं: संवादाचं साधन युद्धाच्या आणि राजकारणाच्या वादांपासून दूर राहिलं पाहिजे. अशा वेळी दहा कारणं देऊ नकोस, वाचणारा त्यातलं सर्वांत दुबळं धरून ठेवतो. आणि 'आम्ही तटस्थ आहोत' असं कोरडं लिहून थांबू नकोस. वही एका बाजूने बदलायला सुरुवात झाली तर उद्या ती कुणीच मानणार नाही, हे दुखावलेल्या माणसालाही समजेल अशा शब्दांत लिही.

लोकांना भीती घालून काम होत नाही, हे मी आयपीव्ही६ या नव्या ॲड्रेस-पद्धतीच्या वेळी पाहिलं. जुन्या आयपीव्ही४ मध्ये जेमतेम ४२९ कोटी ॲड्रेस. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठा संपला, आणि एपनिक त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव भागावर आली. त्यानंतर एका सभासदाला त्या भागातून जास्तीत जास्त १,०२४ ॲड्रेस मिळत. 'संपणार, संपणार' हा इशारा आम्ही कित्येक वर्षं ऐकत होतो आणि दर वर्षी अंदाजपत्रकात नव्या पद्धतीचा खर्च पुढे ढकलत होतो. हललं ते वेगळ्या कारणाने. प्रत्येक कंपनीला भीती होती की आपण एकट्यानेच नवं चालू केलं आणि काही ग्राहकांना अडचण आली, तर बोल आपल्याला लागेल. इंटरनेट सोसायटीने यावर तोड काढली: ८ जून २०११ ला सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून एक दिवस चालू करून पाहायचं, म्हणजे दोष कुणा एकाचा राहत नाही. वर्षभराने, ६ जून २०१२ ला, ते कायमचं चालू झालं. सभासद अडतो कशाला हे शोधणं म्हणजे प्रचार, पोरी. पोस्टर त्याच्या नंतर. भारतात २०१६ मध्ये जिओ आयपीव्ही६ घेऊनच उतरली आणि काही वर्षांत आपले निम्म्याहून अधिक वापरकर्ते त्यावर आले. हे एपनिकचीच संशोधन शाखा मोजते. तो आलेख एखाद्या लहान देशातल्या ऑपरेटरसमोर ठेव, तुझ्या शंभर घोषणांपेक्षा तो जास्त बोलेल.

पहिला महिना कुठलंही धोरण लिहू नकोस. हेल्पडेस्कच्या माणसांशेजारी खुर्ची घेऊन बस. गेल्या वर्षी सभासदांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याकडून मागून घे, त्यांच्याच शब्दांत, चुकीच्या इंग्रजीसकट. पॅसिफिकमधल्या ज्या बेटांवरून वर्षभर एकही प्रश्न आलेला नाही त्यांची यादी वेगळी काढ आणि त्यांना स्वतः फोन कर.